मदत हवी आहे: इस्रायलहून गावच्या सिनेगॉगच्या ट्रस्टला रीतसर पैसे कसे पाठवायचे?

नमस्कार मंडळी,

मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातला ज्यू. मूळ गाव अलिबाग तालुक्यात, लग्नानंतर इस्रायलमधल्या दिमोनात. गावात आता आमच्यातलं एकही घर उरलेलं नाही. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, ते सणाला मुंबई-ठाण्याहून येतात तेव्हाच जमतात. एरवी सिनेगॉगची (आमच्या प्रार्थनास्थळाची) झाडलोट, दिवाबत्ती शेजारचं कुटुंब करतं, तेही जवळजवळ फुकट. कबरस्तानाचा जांभ्याचा गडगा ढासळलाय आणि गुरं आत शिरतात. तिथल्या शिळांवर हिब्रूच्या खाली मराठीत नावं कोरलेली आहेत, माझ्या आजीआजोबांचीही.

इथे दिमोना, अश्दोद, लोदला पांगलेल्या आम्ही गावकऱ्यांनी मिळून गडगा बांधून द्यायचं, कौलं बदलायची आणि त्या कुटुंबाला दरमहा पगार सुरू करायचा ठरवलंय. पैसे गोळा होतील, त्याची काळजी नाही. अडलंय ते पाठवण्यापाशी.

ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला आहे, पण त्याची एफसीआरए (परदेशी देणग्यांबाबतचा कायदा) नोंदणी नाही. आमच्यापैकी बहुतेकांकडे इस्रायली पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देतं ते). ओसीआय असलं तरी आमचा पैसा परदेशी देणगीच धरतात. भारतीय पासपोर्टवाल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिला तर अडचण नसते, पण तसे आमच्यात फारच थोडे. नेहमीच्या एफसीआरए नोंदणीसाठी ट्रस्टने मागच्या ३ वर्षांत १५ लाख खर्च केलेले असावे लागतात. आमच्या ट्रस्टचा खर्च त्याच्या आसपासही नाही. मुंबईतल्या नोंदणी असलेल्या एखाद्या संस्थेमार्फत पाठवावं, तर २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला आलेली परदेशी देणगी दुसरीला देता येत नाही.

माझी बहीण ठाण्यात असते. नातेवाइकाला वर्षाला १० लाखांपर्यंत सरकारला न कळवता पाठवता येतात, म्हणून बरेच जण तोच मार्ग सुचवतात. पण तिने ते पुढे ट्रस्टला द्यायचे म्हणजे कायद्याला बगल देणं झालं. उद्या चौकशी लागली तर तिला आणि म्हाताऱ्या ट्रस्टींना त्रास. ते मला अजिबात नको.

म्हणजे उरते ती ठरावीक देणगीसाठी सरकारकडून घ्यायची पूर्वपरवानगी. ती कुणी काढली आहे का? देणगीदाराचं हमीपत्र लागतं हे माहीत आहे. पण आम्ही बरीच घरं मिळून देणार, तर प्रत्येकाचं वेगळं पत्र द्यावं लागेल, की इथे नोंदलेल्या मंडळाचं एकच चालेल? कबरस्तानाचा गडगा ‘धार्मिक’मध्ये दाखवायचा की ‘सांस्कृतिक’मध्ये? राखणदाराचा पगार प्रशासकीय खर्चात गेला तर २० टक्क्यांची मर्यादा आड येते, तो कामाच्या खर्चात धरतात का? परदेशी देणगीसाठी लागणारं दिल्लीच्या स्टेट बँकेतलं खातं ट्रस्टींनी अलिबागला बसून उघडता येतं का? सगळे सत्तरीपुढचे आहेत, दिल्लीची खेप त्यांना झेपणार नाही.

रायगड किंवा मुंबईत धर्मादाय ट्रस्टांची अशी कामं करणारे सीए माहीत असतील तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. फी देऊ. परवानगीला वेळ लागणार असेल तर गडग्याचं काम पावसाआधी निदान भारतीय पासपोर्टवाल्यांच्या पैशातून सुरू करावं म्हणतोय. त्यात काही धोका आहे का, तेही सांगा.