ड्रम भरतो, पण शेगडी पेटत नाही! प्लांट रिकामा करू का?

नमस्कार मंडळी. 2 घनमीटरचा तरंगत्या ड्रमचा बायोगॅस प्लांट आहे. रोज 50 किलो शेण आणि तेवढंच पाणी, यावर दोन वर्षं बिनबोभाट चालला. मग उरलंसुरलं शिजलेलं अन्न बरंच मिळायला लागलं. शेण निम्म्यावर आणून रोज दीड बादली खरकटं ढकलायला लागलो. पहिला आठवडा ड्रम पार वरपर्यंत, मी चार जणांना सांगूनही आलो.

आता ड्रम चढतो, पण काडी लावली की ज्योत फुरफुरते आणि विझते. स्लरीला (आतल्या शेण-पाण्याच्या काल्याला) आंबूस वास, वर फेस. पीएच पट्टीवर 6.2, पूर्वी 7.2 च्या आसपास असायचा.

मला समजलेलं असं: आम्ल करणारे जिवाणू काही तासांत दुप्पट होतात, मिथेन (जळणारा गॅस) करणाऱ्यांना त्यासाठी दिवस लागतात. अन्न झटपट कुजलं, आम्ल साठलं, मिथेनवाले मागे पडले. ड्रममध्ये आहे तो बराचसा कार्बन डायऑक्साइडच असणार. बरोबर आहे का? बाटलीतलं कल्चर (तयार जिवाणू) आणू, चुना घालू, की सगळं उपसून नव्याने सुरू करू?

उत्तर: निदान बरोबर. (मिथेनवाले जिवाणू नव्हेत, आर्किया, म्हणजे सूक्ष्मजीवांचा वेगळाच गट. पण असो.) उपसू अजिबात नका, गाळात ते अजून तग धरून असतील. कल्चर आणलंत तरी त्यातल्या सूक्ष्मजीवांनाही त्याच 6.2 पीएचमध्ये राहायचंय. आधी खाऊ घालणं थांबवा, शेणसुद्धा. दुसऱ्या कुणाच्या चालू प्लांटची ताजी स्लरी मिळाली तर दोन-चार बादल्या घाला, तिच्यात सगळी टोळी आयती असते. चुन्याने पीएच एकदम उसळी मारतो, शिवाय तो कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो. त्यापेक्षा खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून थोडा थोडा. साठलेला गॅस उघड्यावर, आगीपासून लांब सोडा. पीएच 7 च्या जवळ टिकला की फक्त शेणाने सुरुवात.

धागाकर्ता: आभार! आजपासून उपास सुरू. खरकटं पुन्हा घालायचं झालं तर किती?

उत्तर: सुरुवातीला तांब्याभर, तेही बारीक करून, शेण पूर्ण ठेवून. आठवड्याने थोडं वाढवा. रोज पट्टी बघा आणि ज्योतही. निळी, स्थिर असेल तरच पुढचा तांब्या.