रूपकात लाइव्ह वाजवताना सिक्वेन्सर समेवरून सरकतो, कसं बसवायचं?

कर्वेनगर_सिंथ

नमस्कार मंडळी. आमचा तिघांचा बँड आहे, मी डिजिटॅक्ट (स्टेप-स्टेपने ताल लिहून फिरवत ठेवायचं ड्रम मशीन, म्हणजेच सिक्वेन्सर) आणि एक सिंथ सांभाळतो, एक ड्रमर आणि एक सतारवाला. स्टेजवर लॅपटॉप न्यायचा नाही हे ठरलंय. पुढच्या महिन्यात कोरेगाव पार्कात एका छोट्या जागी वाजवायचंय. त्यातलं एक गाणं सात मात्रांत आहे, सतारवाला सरळ रूपक धरून वाजवतो, मधे एक तुकडा झपतालात, म्हणजे दहा मात्रांत, जातो आणि शेवट चार-चारमध्ये. टेम्पो १४०, एक मात्रा म्हणजे एक क्वार्टर नोट धरली, मात्रेला चार स्टेप, म्हणून पॅटर्न २८ स्टेपचा केलाय.

डिजिटॅक्टवरचे ड्रम्स नीट फिरतात. पण सिंथ मिडी क्लॉकवर (दोन मशीन एका वेगात ठेवणाऱ्या सिग्नलवर) लावलाय आणि त्याच्या आतला जो १६ स्टेपचा आर्पेजिओ (एकेक सुटा स्वर फिरवणारी चाल) आहे तो दुसऱ्या आवर्तनालाच समेवरून, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवरून, हलतो, मग भलतीकडेच जातो आणि थोड्या वेळाने आपोआप परत जागेवर येतो. केबल बदलून पाहिली, तसंच होतं. सतारवाला म्हणतो या खोक्याला लयच नाही. दुसरा प्रश्न, रूपकातून झपतालात जाताना पॅटर्न समेवरच बदलेल याची खात्री कशी करायची? हाय-हॅटचा ट्रॅक मी मुद्दाम १६ चा ठेवलाय, तो सातावर सरकत जातो ते ऐकायला भारी वाटतं, ते घालवायचं नाहीये.

एकवीस_स्टेप

तुझी केबल पण ठीक आहे आणि सिंथ पण ठीक आहे. मिडी क्लॉक म्हणजे फक्त टिकटिक, एका क्वार्टर नोटला २४ टिक, बास. त्यात सात आहेत का दहा आहेत, बार कुठे संपला, सम कुठे आली, यातलं काहीही जात नाही. स्टार्ट, स्टॉप, कंटिन्यू आणि आपण सुरुवातीपासून किती सोळांश पुढे आलोय तो आकडा, एवढंच जातं. म्हणजे प्रत्येक मशीन स्वतःची लांबी स्वतःच मोजतंय. तुझा आर्पेजिओ १६ मोजतो आणि ड्रम्स २८, दोघांचा लसावि ११२, म्हणजे बरोबर ४ आवर्तनांनी ते परत एकत्र येत असणार, १४० ला १२ सेकंद. मोजून बघ.

उपाय दोन आहेत. आर्पेजिओला की-सिंक किंवा रीट्रिगर (नवी नोट आली की पहिल्यापासून सुरू) असं काही सेटिंग असेल तर ते चालू कर आणि डिजिटॅक्टच्या मिडी ट्रॅकवरून दर समेला नवी नोट पाठव, पण आधीची नोट जरा आधी सुटली पाहिजे, दोन नोटा एकमेकींवर चढल्या तर बऱ्याच सिंथना नवी सुरुवात झाली हे कळतच नाही. दुसरा उपाय मला जास्त आवडतो, आर्पेजिओ बंदच कर आणि त्याच नोटा २८ स्टेपच्या मिडी ट्रॅकवर लिहून काढ, मग सिंथला स्वतः काही मोजावंच लागत नाही.

हॅटसाठी ट्रॅकनिहाय लांबी वापरतोयस तर मास्टर लेंग्थ (किती स्टेपनंतर सगळे ट्रॅक पहिल्यापासून सुरू करायचे ते) इन्फिनिटी ठेव, २८ ठेवलीस तर हॅटसुद्धा दर समेला पहिल्यापासून सुरू होईल आणि तुझं ते सरकणं जाईल. पण इन्फिनिटी ठेवल्यावर चेंज लेंग्थ (किती स्टेपनंतर पुढचा पॅटर्न घ्यायचा ते) २८ द्यायलाच हवी, नाहीतर पुढचा पॅटर्न रांगेत लावून तू वाट बघत बसशील आणि मशीन बदलणारच नाही. झपतालाच्या पॅटर्नला ४०. आणि १४० ला रूपकाचं आवर्तन फक्त ३ सेकंदांचं आहे, म्हणून पुढचा पॅटर्न समेच्या तोंडावर दाबू नकोस, आवर्तन सुरू झाल्या झाल्या दाबून मोकळा हो.

अजून एक, २८ स्टेप १६-१६ च्या पानांवर लिहिताना चार मात्रा पहिल्या पानावर आणि तीन दुसऱ्यावर अशी फाळणी होते, अंधारात गोंधळ उडतो. १९८० च्या टीआर-८०८ ड्रम मशीनवरची ती १६ बटणांची रांग अजून सगळ्यांच्या डोक्यात आहे त्याला आपण काय करणार. ट्रॅकचा स्पीड अर्धा कर आणि लांबी १४ ठेव, सातही मात्रा एका पानावर येतात, मात्रेला दोन बटणं. मधले सोळांश रीट्रिगने (एकाच स्टेपवर अनेक ठोके) किंवा मायक्रो टायमिंगने (ठोका जरा मागेपुढे सरकवून) काढता येतात.

तबला_नारायणपेठ

वरचं गणित बरोबर आहे, पण तू किक (मोठ्या ड्रमचा ठोका) कुठे ठेवलीयेस ते लिहिलंच नाहीस. माझा अंदाज, पहिल्या मात्रेवर. अरे, रूपकाची सम म्हणजेच 'खाली', जोर नसलेली मात्रा. ठेका म्हणून बघ, ती ती ना, धी ना, धी ना. बायाँचं (डग्ग्याचं) वजन चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर पडतं, पहिली हलकी असते. सतारवाल्याच्या कानात वर्षानुवर्षं तेच बसलंय आणि तुझं मशीन दर पहिल्या मात्रेला धाडकन किक देतंय, म्हणून त्याला लय नाही असं वाटतं, नुसत्या आर्पेजिओमुळे नाही. तुझ्या २८ स्टेपमध्ये चौथी मात्रा म्हणजे १३ वी स्टेप आणि सहावी म्हणजे २१ वी. किक तिथे ने, समेवर एखादी टिचकी किंवा बंद हॅट पुरे. झपतालात उलट आहे, सम भरीव आणि खाली सहाव्या मात्रेवर, धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. म्हणजे ४० मधली २१ वी स्टेप मोकळी सोड. योगायोग असा की रूपकात जिथे वजन आहे तोच २१ नंबर झपतालात हलका आहे, म्हणून रूपकाचा पॅटर्न कॉपी करून झपताल बनवू नकोस, नव्याने लिही.

आणि मनापासून एक सांगतो. मशीनला ठेका देऊ नकोस, लेहरा दे. कथ्थकच्या किंवा तबला सोलोच्या मागे हार्मोनियम नाहीतर सारंगीवर एकच चाल फिरत असते, ती ऐकली की डोळे मिटूनसुद्धा कळतं आपण कितव्या मात्रेवर आहोत. तुझ्या सिंथच्या बेसला तशी सात मात्रांची एक चाल बांध, पहिले तीन स्वर एका अंगाचे, पुढचे दोन-दोन वेगळे, आणि शेवटचा स्वर समेकडे ओढणारा. मग ड्रमर आणि सतारवाला मोकळे होतात, त्यांना मोजत बसावं लागत नाही. टिकटिक ऐकून कोणी रंगून वाजवत नाही, चाल ऐकून वाजवतात. रियाजाला वापरतो त्या तालमाला मशीनमध्ये आपण आधी ताल निवडतो, मग लय, म्हणून तिथे समेचा प्रश्नच येत नाही. तुझ्या खोक्यात ताल तुलाच भरायचाय, तो आधी तोंडाने म्हण, हातावर टाळी-खाली दे, मग बटणं दाब.

कर्वेनगर_सिंथ

दादा, किक पहिल्या मात्रेवरच होती! काल रात्री १३ आणि २१ वर नेली आणि सतारवाला पहिल्यांदाच हसला. आर्पेजिओ पण लिहून काढला, आता हलत नाही. ४ आवर्तनांचं बरोबर निघालं. लेहऱ्यावर बसलोय सध्या.

राहिलं दोन गोष्टींचं. झपतालात जाताना मशीन बदलतं समेवर पण आम्ही तिघं एकदम पोचत नाही, कोणीतरी अर्धी मात्रा मागे राहतो. आणि ड्रमरला क्लिक (कानात मात्रांची टिकटिक) हवाय, डिजिटॅक्टला मेन आउट लेफ्ट-राइट एवढंच आहे, मग तो वेगळा काढायचा कसा?

स्टिक्स_औंध

ड्रमरच्या बाजूने बोलतो. मशीनचा तयार मेट्रोनोम त्याला देऊ नकोस, त्याचा जोर सातात नेमका कुठे पडेल ते तुझ्या हातात नसतं आणि चार-चारचा जोर कानात पडला की हात तिकडेच जातात. एक ट्रॅक क्लिकसाठी राखून ठेव, समेला एक उंच आवाज, चौथ्या आणि सहाव्याला मधला, बाकी मात्रांना अगदी बारीक. तो ट्रॅक पूर्ण डावीकडे पॅन कर, बाकी सगळं पूर्ण उजवीकडे. डावी वायर ड्रमरच्या हेडफोन अँपला, उजवी मिक्सरला. छोट्या जागी पीए (लोकांसाठीचे स्पीकर) बहुतेक मोनोच असतो त्यामुळे लोकांना फरक कळत नाही. क्लिक ट्रॅकचा रिव्हर्ब आणि डिले सेंड मात्र शून्य कर, नाहीतर तो उजवीकडे झिरपतो आणि शांत जागेत सगळ्यांना ऐकू येतो. पुढेमागे मशीन बदललंस तर टीआर-८एस या ड्रम मशीनला ६ वेगळे असाइनेबल आउट (कुठलाही ट्रॅक स्वतंत्र वायरने काढायच्या जागा) आहेत, तिथे ही कसरत करावी लागत नाही.

तबला_नारायणपेठ

पोचण्यासाठी तिहाई कर, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर ये, तिचं कामच ते आहे. २८ स्टेपमध्ये अशी बसते, ९ स्टेपचा तुकडा, मधे १ स्टेप मोकळी, असं तीनदा. तुकडे १, ११ आणि २१ व्या स्टेपवर सुरू होतात आणि तिसऱ्याचा शेवटचा ठोका २९ वर पडतो, म्हणजेच पुढच्या आवर्तनाच्या समेवर. झपतालातून बाहेर पडताना ४० मध्ये ११ चा तुकडा आणि मधे ४ मोकळ्या, तुकडे १, १६ आणि ३१ वर.

एकवीस_स्टेप

हे भारी आहे. मशीनवर करताना एवढंच, तो २९ वा ठोका तिहाईच्या पॅटर्नमध्ये मावत नाही, तो झपतालाच्या पॅटर्नच्या पहिल्या स्टेपवर ठेवावा लागेल. पण झपतालाचा पॅटर्न चारपाच वेळा फिरणार असेल तर तो ठोका दर समेला वाजेल, म्हणून त्या स्टेपला ट्रिग कंडिशन फर्स्ट लाव, म्हणजे तो फक्त पहिल्या फेरीला वाजतो. आणि क्रम रूपक, तिहाई, झपताल असा चेन करून ठेव, तिहाई सुरू झाली की तुला बटणाला हातच लावायला नको, तिघांनी एकमेकांकडे बघायचं आणि समेवर यायचं.