उद्यमनगरातला कॅड-कॅम डेस्कटॉप: आधी मदरबोर्ड ठरवायचा, की उरलेल्या पैशात बसेल तो घ्यायचा?

पॅटर्न_उद्यमनगर

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. इंटेलचे आठव्या पिढीच्या आधीचे जवळजवळ सगळे प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाहीत. त्यामुळे कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या पॅटर्न शॉप (ओतकामाचे नमुने बनवणारे) आणि मशीन शॉपमधले कॅड-कॅमचे, म्हणजे डिझाइन आणि मशीनचे प्रोग्रॅम बनवायचे, जुने डेस्कटॉप बदलायची वेळ आली आहे. कोटेशनं एकाच साच्यातली येतात. प्रोसेसर ठळक, रॅम ठळक, एसएसडी ठळक आणि बोर्डाच्या ओळीत नुसतं 'एच६१०', म्हणजे बोर्डावरच्या मुख्य चिपचं (चिपसेटचं) नाव. ना कंपनी, ना मॉडेल.

माझं मत स्पष्ट आहे: आधी बोर्ड ठरवा, मग बाकीचं. रॅम दोन मिनिटांत बदलते, एसएसडी एका स्क्रूवर बसलेली असते. बोर्ड बदलायचा तर अख्खं कॅबिनेट रिकामं करावं लागतं. त्यात दुखणं वेगळंच. मशीनसोबत आलेलं विंडोजचं ओईएम लायसन्स बोर्डाला बांधलेलं असतं. कॅडचं एकाच मशीनपुरतं चालणारं नोड-लॉक लायसन्स बऱ्याचदा ऑनबोर्ड लॅनच्या ओळख क्रमांकावर, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेसवर दिलेलं असतं. बोर्ड गेला की लायसन्स पुन्हा मागत बसा, आणि तोवर डिझाइनचं काम बंद.

एच६१० मध्ये काय कमी मिळतं तेही बघा. रॅमचे स्लॉट दोनच. प्रोसेसरमधून थेट येणारी एम.२ ची (एसएसडीच्या स्लॉटची) लाइन हा चिपसेट देतच नाही, एम.२ चालते ती चिपसेटच्या कमी वेगाच्या जेन ३ वर. त्याच्या वरच्या बी७६० चिपसेटमध्ये जास्त वेगाची जेन ४ मिळते, बहुतेक बोर्डांवर दोन एम.२ आणि चार रॅम स्लॉट असतात. फरक चार-पाच हजारांचा. सात-आठ वर्षं चालवायच्या मशीनमध्ये ही काटकसर कुठल्या हिशोबात बसते?

लक्ष्मीपुरीकर

दादा, हिशोबातच बसते. महागड्या बोर्डानं एकही मॉडेल लवकर रिबिल्ड होत नाही, म्हणजे बदल केल्यावर लवकर पुन्हा तयार होत नाही. पार्ट मॉडेलिंगमधला रिबिल्ड बहुतांशी एकाच कोरवर चालतो. तिथे प्रोसेसरची सिंगल कोर ताकद लागते आणि असेंब्ली (अनेक पार्ट जोडलेलं मॉडेल) मोठी झाली की रॅम. एच६१० वर आय५-१२४०० आणि बी७६० वर आय५-१२४००, दोघांचा रिबिल्डचा वेळ सारखाच येणार.

जेन ३ एक्स४ एसएसडी सेकंदाला साडेतीन हजार एमबीच्या आसपास वाचते. असेंब्ली उघडताना शेकडो छोट्या फाइल वाचल्या जातात आणि वेळ खातो प्रोसेसर. जेन ४ चा आकडा डब्यावर मोठा दिसतो, टेबलावर बसल्यावर फरक जाणवत नाही. उलट तेच चार-पाच हजार १६ च्या जागी ३२ जीबीकडे वळवले तर ऑपरेटरला पहिल्याच दिवशी कळतं. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव कसे चढलेत ते सगळ्यांना माहीत आहे. अशा वेळी बोर्डावर जास्त खर्च म्हणजे रॅमच्या तोंडचा घास काढणं.

चार स्लॉटचं म्हणाल तर रॅमच्या नव्या पिढीत, डीडीआर५ मध्ये, चार काड्या लावल्या की वेग खाली येतो. एएमडीच्या रायझन ७००० ला दोन काड्यांवर अधिकृत ५२०० मिळतो, चार काड्यांवर ३६००. म्हणजे सुरुवातीलाच १६ च्या दोन काड्या घ्यायच्या आणि विषय संपवायचा. रिकामे दोन स्लॉट शोभेला राहतात.

राजारामपुरी_९वी_गल्ली

तुम्ही दोघंही ज्या सॉकेटवर भांडताय तो सॉकेटच, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा, संपलेला आहे. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटवर बारावी, तेरावी, चौदावी पिढी झाली. पुढचे कोअर अल्ट्रा २०० एलजीए १८५१ वर गेले. आज एच६१० घ्या नाहीतर बी७६०, चौदाव्या पिढीच्या पुढे रस्ता नाही. एएमडीचा एएम४ सॉकेट बघा. २०१७ मधल्या बी३५० च्या कित्येक बोर्डांवर नुसता बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून २०२२ चा ५८००एक्स३डी चालला. त्याच्या पुढच्या एएम५ ला निदान २०२७ पर्यंत नवे प्रोसेसर देण्याचं कंपनीचं जाहीर वचन आहे.

एएम५ चा बी६५० बोर्ड आणि रायझन ५ ७६०० घ्या. सहा कोर, ६५ वॅट, कूलर डब्यातच येतो, आणि स्क्रीन लावण्यापुरते ग्राफिक्स आत असतात. चार वर्षांनी फक्त प्रोसेसर बदला. विंडोज, लायसन्स, वायरिंग सगळं जागच्या जागी.

लक्ष्मीपुरीकर

कागदावर सुंदर आहे. पण मशीन शॉपमध्ये मधेच प्रोसेसर बदलणारा मालक शोधून सापडत नाही. डेस्कटॉप बंद पडेपर्यंत चालतो, मग सगळाच बदलतो. आणि एएम५ ला डीडीआर५ शिवाय पर्याय नाही. एलजीए १७०० वर डीडीआर४ चे बोर्ड मिळतात. डीडीआर४ सुद्धा महागली आहे, मान्य. पण जुन्या मशीनमधल्या डीडीआर४ च्या, १६ जीबीच्या दोन चांगल्या काड्या असतील तर त्या तशाच नव्या बोर्डात बसतात. आजच्या भावात ही बचत बोर्डाच्या किमतीएवढी होते. मात्र बोर्ड डीडीआर४ चा आहे का डीडीआर५ चा, हे मॉडेलच्या नावात वाचून घ्या. दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते, एकाची काडी दुसऱ्यात बसत नाही.

व्हीएमसी_शिरोली

भावांनो, सगळं बोललासा पण मशीनला प्रोग्रॅम कसा पाठवणार ते कोणीच बोललं न्हाई. आपल्याकडच्या निम्म्या शॉपमध्ये अजून जुन्या कंट्रोलरच्या व्हीएमसी (प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मिलिंग मशीन) हायत, आणि प्रोग्रॅम जुन्या सिरीयल पोर्टच्या, आरएस-२३२ च्या केबलनं जातोय. मागं नऊ पिनांचा पोर्ट असलेला बोर्ड आता क्वचित मिळतो. पण बोर्डावर कॉमचा, म्हणजे त्याच सिरीयल पोर्टचा, पिनांचा हेडर असतो, दहा जागांचा, एक पिन गायब, शेजारी 'कॉम१' छापलेलं. तो हेडर हाय का न्हाई हे मॅन्युअलच्या पीडीएफमध्ये बघायचं आणि मगच ऑर्डर द्यायची.

"यूएसबी-टू-सिरीयल लावू की" असं दुकानदार सांगतो. छोट्या प्रोग्रॅमला चालतंय. मोल्डचा थ्रीडी टूलपाथ, लाखभर ओळींचा, मशीनच्या मेमरीत मावत न्हाई म्हणून चालू कटिंगमध्ये थोडा थोडा पाठवावा लागतो, तिथं गोची होते. कंट्रोलरचा बफर भरत आला की तो 'थांब' म्हणून एक्सऑफ पाठवतो. फॅनुक कंपनीचा कंट्रोलर त्यानंतर दहा अक्षरांपर्यंत ऐकून घेतोय, त्याच्या पुढं अक्षरं आली तर ०८७ बफर ओव्हरफ्लोचा अलार्म. यूएसबीचा अडॅप्टर माल गठ्ठ्यानं पाठवतोय. थांब म्हणेपर्यंत त्याच्या पोटातली अक्षरं निघालेली असतात. जॉब मधेच थांबतो आणि कटर टेकलेला तिथं डाग पडतो.

बोर्डावरच्या पोर्टलासुद्धा १६ अक्षरांचा फिफो, म्हणजे छोटा बफर, असतो बरं का. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगला जाऊन ट्रान्समिट बफर सगळ्यात खाली आणायचा, न्हाईतर फिफोची टिक काढायची. अजून एक: हेडरला लावायच्या ब्रॅकेटमध्ये दोन तऱ्हेचं वायरिंग येतं. एकात रिबन सरळ ओळीनं जाते, दुसऱ्यात आडवी-तिडवी. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. चुकीचं लागलं तर पोर्ट विंडोजमध्ये दिसतो पण डेटा जात न्हाई, आणि माणूस दोन दिवस बॉड रेट (डेटाचा वेग) बदलत बसतो. मल्टिमीटर लावून पिन २, ३ आणि ५ बोर्डाच्या मॅन्युअलशी जुळवून घ्या.

लक्ष्मीपुरीकर

शिरोलीवाले, हे तर माझ्याच बाजूचं झालं. ऑफिससाठी बनवलेल्या स्वस्त एच६१० बोर्डांवर हा हेडर सर्रास असतो. तो गायब होतो दिवे चमकणाऱ्या महागड्या गेमिंग बोर्डांवर. दुप्पट पैसे मोजून जुना व्हीएमसी तुटला, असं व्हायला नको.

पॅटर्न_उद्यमनगर

म्हणूनच म्हणतोय, आधी बोर्ड ठरवा! मी महाग बोर्ड घ्या म्हटलेलं नाही, ठरवून घ्या म्हटलं. बी७६० मध्येही ऑफिसवर्गातले साधे बोर्ड आहेत, त्यांच्यावर कॉम हेडर मिळतो. आणि हेडर नसेल तर पीसीआयई एक्स१ च्या छोट्या स्लॉटमध्ये बसणारं सिरीयल कार्ड लागतं. तेव्हा स्लॉटची मांडणी आड येते. मायक्रो-एटीएक्स बोर्डावर एक्स१ चा स्लॉट बऱ्याचदा ग्राफिक कार्डाच्या एक्स१६ स्लॉटच्या लगेच खाली असतो, आणि अडीच स्लॉट जाडीचं ग्राफिक कार्ड तो झाकून टाकतं. हे फोटोत मोजून बघायचं असतं. माल आल्यावर कळून उपयोग नाही.

चार काड्यांबद्दल तुमचं बरोबर, तो मुद्दा सोडला. पण व्हीआरएमचं, म्हणजे बोर्डावरून प्रोसेसरला वीज देणाऱ्या भागाचं, मला सोडवत नाही. आय५-१२४०० टर्बोत ११७ वॅटपर्यंत जातो, आय७-१४७०० तर २१९ वॅटपर्यंत. सगळ्यात स्वस्त बोर्डांवर व्हीआरएमला हीटसिंकच नसतो, त्यातल्या तापणाऱ्या चिप, म्हणजे मॉसफेट, उघडे. त्यात एप्रिल-मे, वर पत्रा, आणि कोणीतरी टॉवर कूलर बसवलेला. डब्यातल्या कूलरची हवा वरून खाली येते आणि सॉकेटच्या बाजूच्या मॉसफेटला लागते. टॉवरची हवा आडवी मागे निघून जाते, मॉसफेट कोरडेच तापतात. मग बोर्ड वॅट कापतो, टूलपाथचं कॅलक्युलेशन रेंगाळतं आणि दोष सॉफ्टवेअरला दिला जातो. १२४०० ला एच६१० चालेल, पण हीटसिंकवालाच. आय७ ला एच६१० ही चूक आहे.

मंगळवार_पेठ_वायरमन

बोर्ड हवा तो घ्या, पण भिंतीतल्या तिसऱ्या वायरीकडे आधी बघा. जुन्या गाळ्यांत थ्री-पिन सॉकेट बसवलेलं असतं आणि वरच्या जाड पिनमागे काहीच जोडलेलं नसतं. एसएमपीएसच्या (कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायच्या) फिल्टरमध्ये फेज आणि न्यूट्रलपासून बॉडीकडे एकेक छोटा कपॅसिटर असतो. अर्थिंग नसलं की कॅबिनेटची बॉडी साधारण निम्म्या व्होल्टेजवर, ११५ च्या आसपास, तरंगत राहते. हात लावला की झिणझिण्या येतात त्या याच्याच. करंट थोडा असतो, पण आरएस-२३२ ची केबल दुसऱ्या टोकाला नीट अर्थ असलेल्या व्हीएमसीला जोडताना तो तिच्यातूनच वाट काढतो. कॉम पोर्ट जळतो तो असा.

मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा. फेज-अर्थ आणि फेज-न्यूट्रल जवळजवळ सारखे, २३० च्या आसपास हवेत. न्यूट्रल-अर्थ मध्ये लोड चालू असताना दोन-तीन व्होल्टच्या वर दिसलं तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. केबल जोडताना आणि काढताना कॉम्प्युटर आणि मशीन दोन्ही बंद. केबलवर ऑप्टिकल आयसोलेटर बसवला तर उत्तमच.

दुसरं, ग्राइंडिंग आणि कास्टिंग फेटलिंगची (ओतीव माल साफ करण्याची) धूळ. घरातली धूळ नुसती गरम करते, ही लोखंडाची असते, वीज वाहून नेते. कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका, पुढच्या जाळीला बारीक फिल्टर लावा आणि महिन्यातून एकदा धुवा. काचेचं कॅबिनेट शॉप फ्लोअरवर नको.

एसएमपीएस कॅबिनेटसोबत फुकट येतो तो घेऊ नका. ग्राफिक कार्ड नसेल किंवा छोटं असेल तर ओळखीच्या कंपनीचा ५५० वॅट ब्राँझ (कार्यक्षमतेचा दर्जा) पुरतो. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॅट, एवढ्या मशीनला फाइल सेव्ह करून बंद करण्यापुरता वेळ देतो.

राजारामपुरी_९वी_गल्ली

जोडणीतल्या चुका बोर्डाच्या माथी मारल्या जातात, म्हणून एवढं लिहितो.

कॅबिनेटमध्ये पितळी स्टँडऑफ (बोर्ड टेकवायचे छोटे खांब) आधीच बसवलेले असतात. बोर्डाला जिथे भोक नाही तिथला काढून टाका, नाहीतर मागून शॉर्ट होतो. प्रोसेसरची पॉवर ४+४ पिनांच्या वायरीनं द्यायची, ग्राफिक कार्डाच्या ६+२ नं नाही, जोर लावून घुसवू नका. चार स्लॉटच्या बोर्डावर दोन काड्या असतील तर सॉकेटपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. एएम५ वर पहिल्यांदा चालू केल्यावर रॅमचं ट्रेनिंग चालतं. स्क्रीन काही मिनिटं काळीच राहते. घाबरून पॉवर काढली की ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. दहा मिनिटं हात लावू नका.

बी६५० चा जुना स्टॉक असेल आणि वर रायझन ९००० लावला तर डिस्प्ले येणार नाही, कारण हे प्रोसेसर ऑगस्ट २०२४ चे आणि बायोस त्याआधीचा. बोर्डामागे फ्लॅशबॅकचं बटण असेल तर एफएटी३२ पेनड्राइव्हवर कंपनीनं सांगितलेल्या नावानं फाइल टाकायची, खूण असलेल्या यूएसबीतच लावायची, २४ पिन आणि ८ पिन पॉवर जोडून बटण तीन-एक सेकंद दाबायचं. दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत वीज जाऊ द्यायची नाही. हे काम यूपीएसवरच करा. पावसाळ्यात तर नक्कीच.

तेराव्या-चौदाव्या पिढीचा आय७, आय९ घेणाऱ्यांनीही बायोसची तारीख बघा. जास्त व्होल्टेजनं प्रोसेसर कायमचे खराब होत होते, त्यावर इंटेलनं ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२४ मध्ये मायक्रोकोड (बायोसमधून येणारी प्रोसेसरची दुरुस्ती) दिले. ०एक्स१२बी किंवा त्यानंतरचा हवा.

लक्ष्मीपुरीकर

कॉम हेडर, हीटसिंक आणि अर्थिंग, तिन्ही मान्य. माझं कोटेशन असं राहील: आय५-१२४००, एफ नसलेला, कारण एफमध्ये ग्राफिक्स नसतात. डीडीआर४ चा एच६१०, पूर्ण मॉडेल नंबरसह, व्हीआरएमवर हीटसिंक आणि कॉम हेडर असलेला. १६ च्या दोन काड्या, १ टीबी जेन ३ एसएसडी, ५५० वॅट ब्राँझ. बी७६० चे चार हजार अजूनही मी देणार नाही.

पॅटर्न_उद्यमनगर

मॉडेल नंबर लिहिलात, एवढ्यावर निम्मं भांडण मिटलं. उरलेलं निम्मं दुसऱ्या एम.२ साठी. ड्रॉइंगचा रोजचा बॅकअप त्याच मशीनमध्ये वेगळ्या एसएसडीवर घ्यायचा तर बऱ्याच एच६१० वर साटा (केबलनं जोडायची जुनी पद्धत) हाच उरतो, आणि बॅकअपला साटा पुरेसा आहे असं तुम्ही म्हणाल हेही मला ठाऊक आहे.

लक्ष्मीपुरीकर

पुरेसाच आहे. आणि सॉकेटवरची काळी प्लास्टिकची टोपी गिऱ्हाइकाच्या हातात द्या, बिलासोबत पाकिटात घालून. वॉरंटीला बोर्ड पाठवताना ती नसली आणि वाटेत एक पिन वाकली, तर तो बोर्ड एच६१० होता का बी७६०, याला काही अर्थ उरत नाही.