पिवळसर की पिवळट? भिंतींच्या रंगांचे शब्द

दिवाळीआधी घराला रंग द्यायचा आहे, त्यामुळे आठवडाभर आमच्याकडे शेड कार्ड पसरलेलं आहे. बैठकीच्या खोलीसाठी एका पट्टीवर बोट ठेवून मी म्हटलं, "हा पिवळसर पांढरा बरा वाटतो." सासूबाई म्हणाल्या, "पिवळसर कुठला, पिवळट आहे तो." पट्टी तीच, पण रंग बाद झाला. तेव्हापासून हे दोन प्रत्यय डोक्यात घोळताहेत.

'सर' लागला की मूळ रंगावर दुसऱ्याची नुसती झाक असते : लालसर, निळसर, काळसर. 'ट'मध्ये मात्र बहुतेक वेळा तक्रार असते. पिवळट दात, पांढरट जीभ, काळपट पडलेली समई, धुरकट काच, मातकट पाणी. मुळात जे असं नव्हतं, ते असं झालं आहे. नवी भिंत पिवळट नसते, ती होते. ओल येऊन, वर्षं जाऊन. सासूबाईंना तो रंग डब्यातूनच जुना होऊन आल्यासारखा दिसला, आणि ते त्यांनी एका 'ट'मध्ये सांगितलं. 'हिरवट' या नियमात नीट बसत नाही, ते सरळ अर्थानेही चालतं. आणखी अपवाद आठवले तर सांगा.

दुसरं, काही शब्द एकाच गोष्टीला चिकटून बसले आहेत. घारा म्हणजे फक्त डोळे. गव्हाळ म्हणजे माणसाचा वर्ण. दुकानात ज्याला बेज म्हणतात तो रंग अगदी गव्हाच्या दाण्यासारखा आहे, पण 'गव्हाळ भिंत' मी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. मला तो शब्द वापरायला आवडेल. तुम्हाला खटकतो का?

आणि बदामी म्हणजे नेमका कुठला? आमच्या घरात दोन पक्ष आहेत, सालीचा आणि गराचा.

प्रतिसाद
बदामी म्हणजे गराकडे झुकणारा, असं मी समजतो. सालीच्या रंगाला आपल्याकडे तपकिरी आहे. तपकीर ओढणारं माणूस आता क्वचितच दिसतं, पण रंगाच्या नावात ती टिकून आहे. विटकरीसुद्धा तसाच, विटेच्या तुकड्यावरून आलेला.

मला मात्र या चर्चेत 'मळखाऊ' हवा. हा रंगाचा नव्हे, रंगाच्या स्वभावाचा शब्द आहे. आई कापड घेतानाही विचारायची आणि भिंतीचा रंग ठरवतानाही : मळखाऊ आहे ना? स्वयंपाकघरात फोडणीचा धूर, मुलांच्या हातांचे ठसे, दिव्याच्या बटणाभोवतीचा काळा डाग, हे सगळं पोटात घालणारा रंग. किती शब्दांचं काम एका शब्दात होतं बघा. शेड कार्डवर हजार नावं असतील, पण ही माहिती एकाही पट्टीखाली नसते.

प्रतिसाद
'सर' नेहमी गोड नसतो, याचं उदाहरण आमच्या कोकणातल्या घराचं. भिंतींना चुना काढायचे. नुसता चुना किंचित पिवळा दिसतो, म्हणून त्यात चिमूटभर नीळ घालत. प्रमाण जमलं की भिंत पांढरीशुभ्र. हात सैल पडला की आजी म्हणायची, "निळसर झाली रे!" आणि ती तक्रारच असायची. पांढरीफटक मात्र भिंतीला कधीच म्हणाली नाही, तो शब्द आजारी माणसाच्या चेहऱ्यासाठी राखलेला.

जोत्याला काव लावत, म्हणजे तांबडी माती. गोव्यात आणि दक्षिण कोकणात जुन्या देवळांच्या भिंतींवर पांढऱ्या चुन्यात याच तांबड्या रंगाची नक्षी असते, तिला कावी म्हणतात. आता दुकानात जाऊन 'कावेचा रंग द्या' म्हटलं तर समोरचा टेराकोटाची पट्टी काढतो.

प्रतिसाद
वडील रंगकाम करायचे, म्हणून एक व्यवहाराची गोष्ट. कार्डावर रंग ठरवू नका. छोटा डबा आणा, भिंतीवर दोन फुटांचा चौकोन करून दोन हात मारा (आमच्यात थराला 'हात' म्हणतात; लांबी म्हणजे पुट्टी भरून, घोटून, मग पहिला हात), आणि पूर्ण वाळू द्या. मग सकाळी बघा आणि रात्री दिवा लावून बघा. 2700 केल्व्हिनचा पिवळा दिवा आणि 6500 केल्व्हिनचा पांढरा दिवा यांत एकच भिंत वेगळी दिसते. तुमचं 'पिवळसर' आणि सासूबाईंचं 'पिवळट', दोन्ही खरं असू शकतं.

मूळ लेखिका
चौकोन मारून पाहिला. सकाळी नऊला खिडकीतून ऊन आलं तेव्हा सासूबाई स्वतःहून म्हणाल्या, "हा पिवळसर आहे." रात्री पिवळ्या दिव्याखाली मलाच तो पिवळट वाटला. आणि कार्ड आम्ही रोज रात्री जेवणं झाल्यावर बघत होतो.

स्वयंपाकघराला मळखाऊ ठरला आहे. गव्हाळबद्दल अजून कुणीच बोललेलं नाही.