ऑनलाइन अपॉइंटमेंट घेऊनही एकाच वेळी दोन रुग्ण: चूक नेमकी कुठे होत असावी?

प्रश्न – वहीवाली

नमस्कार. माझा फिजिओथेरपीचा लहान दवाखाना आहे. उपचार करणाऱ्या आम्ही दोघी, ट्रॅक्शनचे (मान किंवा कंबर ताणण्याचे) यंत्र मात्र एकच, आणि फोन घेण्यासाठी व नोंदी ठेवण्यासाठी एक सहायक ताई. अनेक वर्षे आम्ही अपॉइंटमेंट वहीत पेन्सिलीने लिहीत होतो. उपचार चालू असताना फोन आला की रुग्णाला तसेच ठेवून उठावे लागे, ही गोष्ट मला फार खटकत असे. म्हणून तीन महिन्यांपूर्वी ऑनलाइन बुकिंगचे सॉफ्टवेअर घेतले. फोन खरोखरच कमी झाले. मात्र गेल्या महिन्यात चार वेळा एकाच वेळेसाठी दोन रुग्ण येऊन बसले. त्यांपैकी दोनदा माझ्याकडे एक आणि माझ्या सहकारी डॉक्टरांकडे एक असे दोन्ही रुग्ण ट्रॅक्शनसाठीच आले होते. उरलेल्या दोन वेळी मी माझ्या फोनमधील कॅलेंडरमध्ये सकाळीच ‘बाहेर’ अशी नोंद केलेली असूनही त्या वेळेत बुकिंग झाले.

याखेरीज, सगळे स्लॉट ३० मिनिटांचे ठेवले असूनही दुपारपर्यंत वेळापत्रक पाऊण तासाने मागे पडते. वहीच्या काळात असे क्वचितच होत असे. सॉफ्टवेअर बदलावे, की आमच्या मांडणीतच काही चुकते आहे?

उत्तर – संगणकसोबती

आपल्या चारही प्रसंगांना एकच नाव देता येईल, पण कारणे दोन आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत.

ट्रॅक्शनच्या बाबतीत सॉफ्टवेअरने त्याच्या परीने योग्यच काम केले. दोन व्यक्ती मोकळ्या आहेत, एवढेच त्याला ठाऊक होते. यंत्र एकच आहे हे त्याला कोणी सांगितले नव्हते. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये व्यक्तींप्रमाणेच खोली किंवा यंत्र यांचीही ‘रिसोर्स’ म्हणून नोंद करता येते आणि एखादी सेवा त्या रिसोर्सला जोडता येते. मग डॉक्टर आणि यंत्र दोन्ही मोकळे असतील तेव्हाच ती वेळ रुग्णाला दिसते. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय नसेल, तर ते बदलण्याचे ते पुरेसे कारण आहे, असे मी म्हणेन.

‘बाहेर’ या नोंदीचे कारण निराळे असावे. कॅलेंडरच्या नोंदी एकमेकांना देण्यासाठी आयकॅलेंडर नावाचे प्रमाण स्वरूप १९९८ पासून आहे, आणि त्याची आजची मुख्य आवृत्ती २००९ मधील आहे. या स्वरूपातील लिंक जोडणे हा दोन कॅलेंडर एकमेकांना दाखवण्याचा सर्वांत सोपा मार्ग असतो. परंतु अशी लिंक जोडली की घेणारी बाजू ठरावीक अंतराने जाऊन ती वाचते, आणि हे अंतर कधीकधी कित्येक तासांचे असते. सकाळी केलेली नोंद दुपारपर्यंत पोहोचलेलीच नसते. शिवाय ही वाट एकेरी असते: वाचता येते, लिहिता येत नाही. याउलट आपल्या खात्यात लॉगिन करून, परवानगी देऊन केलेली जोडणी दुहेरी असू शकते, आणि तिच्यात बदल सहसा काही क्षणांत किंवा मिनिटांत पोहोचतात. त्यामुळे आपण जोडणी करताना लिंक चिकटवली होती की खात्याला परवानगी दिली होती, हे प्रथम पाहावे. कॅलेंडरमधील नोंद ‘व्यस्त’ आहे की ‘मोकळे’, हेही तपासावे, कारण दिवसभराच्या नोंदींना काही कॅलेंडर आपोआप ‘मोकळे’ ठरवतात आणि मग बुकिंगचे सॉफ्टवेअर त्यांच्याकडे लक्षच देत नाही.

आणखी एक चाचणी करावी. दोन फोनवर एकच स्लॉट उघडून दोन्हीकडून जवळजवळ एकाच क्षणी निश्चित करावा. चांगले सॉफ्टवेअर वेळ दाखवताना तर तपासतेच, पण निश्चित करण्याच्या क्षणी पुन्हा तपासते आणि दुसऱ्याला नकार देते. दोघांनाही होकार मिळाला, तर ते सॉफ्टवेअर सोडून द्यावे.

उत्तर – दोनखुर्च्या

माझे केशकर्तनालय आहे, क्षेत्र वेगळे आहे. पण वेळापत्रक मागे पडण्याचा अनुभव अगदी हाच होता.

वहीच्या काळात असे होत नव्हते, याचे श्रेय बहुधा आपल्या सहायक ताईंना आहे. कोणत्या रुग्णाला बोलायला वेळ लागतो, कोणाला पलंगावर चढण्या-उतरण्यासाठी मदत लागते, कोण नेहमी उशिरा येते, हे त्यांच्या डोक्यात असते, आणि लिहिताना त्या न सांगता दहा मिनिटे इकडे-तिकडे सोडत असतात. वहीत ते कुठेच लिहिलेले नसते, म्हणून सॉफ्टवेअरमध्ये ते आपोआप येत नाही. आम्ही दोन आठवडे प्रत्येक ग्राहकाची खुर्चीवर बसण्याची आणि खुर्ची पुन्हा स्वच्छ होण्याची वेळ लिहून काढली, तेव्हा ३० मिनिटांचे म्हणून ठरवलेले काम प्रत्यक्षात ३८ मिनिटांचे निघाले. आपणही पहिली भेट आणि पुढील भेटी या दोन वेगळ्या सेवा कराव्यात, प्रत्येकीचा कालावधी मोजून ठरवावा, आणि आवराआवरीचा वेळ ‘बफर’ म्हणून निराळा ठेवावा. तो रुग्णाला दिसत नाही, पण पुढची अपॉइंटमेंट त्यानंतरच सुरू होते.

या विषयावरचा विचार जुना आहे. संख्याशास्त्रज्ञ नॉर्मन बेली यांनी १९५२ मध्ये रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांतील प्रतीक्षेचा गणिती अभ्यास केला होता. सुरुवातीला दोन रुग्णांना एकदम बोलवावे आणि पुढे सरासरी तपासणीइतक्या अंतराने एकेकाला बोलवावे, म्हणजे डॉक्टरही फारसे रिकामे बसत नाहीत आणि रुग्णांनाही फार थांबावे लागत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. लहान व्यवसायात मी तसे करणार नाही, कारण ग्राहकाने स्वतः निवडलेली वेळ हा आपण दिलेला शब्द असतो. पण त्यातील मूळ गोष्ट मला पटते: अंतर सरासरीपेक्षा कमी ठेवले, तर उशीर दिवसभर साचतच जातो. म्हणून आम्ही दुपारी एक स्लॉट मुद्दाम बंद ठेवतो. सकाळचा उशीर तिथे भरून निघतो.

वहीवाली

दोघांचेही मनापासून आभार. मी लिंकच चिकटवली होती. आज खात्याला परवानगी देऊन जोडणी बदलली, आणि ‘बाहेर’ ही नोंद टाकताच चार मिनिटांत ती वेळ बुकिंगच्या पानावरून नाहीशी झाली. यंत्राची रिसोर्स म्हणून नोंद करण्याची सोयही सापडली. ताईंशी बोलले, तेव्हा त्यांनी कोणाला किती जास्त वेळ लागतो ते न पाहता, भराभर सांगितले. तीन महिने हे मी त्यांना विचारलेच नव्हते, याचे मला वाईट वाटले.

आता दोन प्रश्न उरतात. वेळ घेऊन न येणाऱ्यांकडून आगाऊ रक्कम घ्यावी का? आणि ज्या वृद्ध रुग्णांना लिंक वापरणे जमत नाही, त्यांचे काय करावे?

उत्तर – दातदुरुस्ती

आगाऊ रकमेआधी रिमाइंडर नीट लावावेत. मोबाइल संदेशांनी आठवण दिल्यास काहीच आठवण न देण्यापेक्षा उपस्थिती वाढते आणि तिचा परिणाम फोन करून दिलेल्या आठवणीइतकाच असतो, असे वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१३ च्या आढाव्यात आढळले होते. आम्ही एक संदेश दोन दिवस आधी आणि एक त्याच दिवशी सकाळी पाठवतो. पहिल्या संदेशात वेळ बदलण्याची किंवा रद्द करण्याची लिंक असावीच; अनेक जण केवळ फोन करून नकार देण्याच्या संकोचामुळे येत नाहीत, आणि लिंक दिली की ती वेळ आपल्याला दुसऱ्यासाठी परत मिळते. संदेशात उपचाराचे नाव मात्र लिहू नये, कारण फोनचा पडदा घरातील किंवा कार्यालयातील कोणीही पाहू शकते. आगाऊ रक्कम आम्ही फक्त दीर्घ कामांसाठी घेतो. वेदना होत असलेल्या माणसाकडून वेळ देण्याआधी पैसे मागणे मला योग्य वाटत नाही.

वृद्ध रुग्णांसाठी फोन चालूच ठेवावा, पण ताईंनी ती नोंद वहीत न करता थेट सॉफ्टवेअरमध्ये करावी. वही आणि सॉफ्टवेअर दोन्ही चालू राहिले, तर आपण आता मिटवलेली अडचण दुसऱ्या दाराने परत येईल. फोनवर बोलता बोलता नोंद करायची असल्यामुळे ताईंना स्वतःचे वेगळे लॉगिन द्यावे आणि रुग्णाचे नाव व मोबाइल क्रमांक एवढीच माहिती सक्तीची ठेवावी. इंटरनेट बंद पडण्याची भीती असेल, तर रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवसाची यादी छापून घ्यावी. त्या कागदावर फक्त वाचायचे, लिहायचे काही नाही.