मदत हवी आहे : दिवेआगरमधील मित्र-दांपत्याशी संपर्क होत नाही

सर्वांना नमस्कार.

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आल्यापासून, रायगड जिल्ह्यातील दिवेआगरमध्ये राहणाऱ्या आमच्या जवळच्या मित्र-दांपत्याशी काहीही बोलणे झालेले नाही. दोघेही सत्तरीच्या पुढचे आहेत, मुले परदेशी असतात, घर जुने कौलारू आहे आणि त्याला लागूनच नारळी-पोफळीची वाडी आहे. वाऱ्याचा जोर वाढला तर शेजारच्या स्लॅबच्या घरात जाऊ, असे त्यांनी आदल्या रात्री सांगितले होते. ते वेळेत तिकडे गेले का, एवढे आधी कळले तरी जीव भांड्यात पडेल.

ताशी १२० किलोमीटरपर्यंतच्या झोतांनी विजेचे खांब कोसळले आहेत आणि वीज नसल्यामुळे मोबाईलचे टॉवरही बंद पडले आहेत. तेव्हा फोन लागत नाही याचा अर्थ वाईटच घ्यायला नको, हे समजते. तरी मन स्वस्थ बसू देत नाही.

त्यातही अधिक काळजी वहिनींची आहे, कारण त्यांना रोज इन्सुलिन घ्यावे लागते आणि करोनाच्या टाळेबंदीत औषध मिळेल की नाही या धास्तीने त्यांनी बराच साठा घरच्या फ्रिजमध्ये करून ठेवला होता. वापरात असलेली कुपी फ्रिजबाहेर साधारण चार आठवडे चालते, असे वाचले आहे, पण तेही फार उष्णता नसेल तरच. वीज लवकर आली नाही तर न उघडलेल्या कुप्यांचे काय करावे, पाण्याच्या माठाजवळ किंवा ओल्या मडक्यात ठेवल्यास त्या टिकतील का, हे येथील डॉक्टर मंडळींनी कृपया सांगावे.

आम्ही पुण्यात प्रतिबंधित क्षेत्रात राहत असल्यामुळे स्वतः निघू शकत नाही. बोर्ली पंचतन, श्रीवर्धन किंवा म्हसळा येथे कुणाचे नातेवाईक असतील आणि त्यांचा फोन लागत असेल, तर मला व्यक्तिगत निरोप पाठवावा. नाव आणि घराची खूण मी तेथेच कळवेन. ताम्हिणीमार्गे माणगाव आणि पुढे म्हसळ्यापर्यंतचा रस्ता मोकळा झाला आहे का, मदतसाहित्य घेऊन त्या बाजूला कुणी जाणार आहे का, हेही कळवावे. इन्सुलिन, बर्फाच्या पिशव्यांचा डबा आणि ताडपत्री आम्ही त्यांच्या हाती देऊ. पाऊस तोंडावर आला आहे, कौले उडाली असतील तर ताडपत्री लगेच लागेल.

पुण्याहून नुसता १०७७ हा जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक फिरवल्यास येथलाच कक्ष लागतो, म्हणून अलिबागचा ०२१४१ हा कोड लावून रायगडच्या नियंत्रण कक्षाला विचारणा सुरू ठेवली आहे. आपलीही माणसे तिकडे असतील तर तसाच प्रयत्न करावा.

निरोप कितीही उशिरा दिला तरी चालेल, आणि बातमी वाईट असली तरी ती आमच्यापासून लपवू नये, ही विनंती.