मदत हवी आहे: ‘ऐकून चित्र काढा’ या खेळात गप्प बसणाऱ्या मुलांना बोलते कसे करावे?

नमस्कार. मी जळगाव जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत आठवीला मराठी शिकवतो. पटावर ४२ मुले आहेत. नेमके बोलण्याचा आणि लक्ष देऊन ऐकण्याचा सराव व्हावा म्हणून गेल्या महिन्यापासून दर शनिवारी एक खेळ घेतो. एकमेकांना टेकलेल्या आयतांची आकृती एकाच्या हाती द्यायची, त्याने वर्गाकडे पाठ करून तिचे वर्णन करायचे आणि बाकीच्यांनी काहीही न विचारता ती वहीत काढायची. दुसऱ्या फेरीत आकृती नवी, तोंड वर्गाकडे आणि प्रश्न विचारण्याची मुभा. लेव्हिट आणि म्युलर यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगावरून हा खेळ बेतला आहे. प्रश्नांची मुभा असली की वेळ जास्त लागतो, पण आकृती अधिक बिनचूक येते, असे त्यांना आढळले होते.

आमच्याकडे वेळ जास्त लागला, एवढेच खरे ठरले. मागच्या शनिवारी एका मुलीने “दुसरा आयत पहिल्याच्या कोपऱ्याला इकडून टेकवा” असे म्हणत हात उजवीकडे केला. समोरच्यांना तो डावीकडे गेलेला दिसला आणि निम्म्याअधिक वह्यांत आकृती आरशात पाहिल्यासारखी उलटी उमटली. “इकडून म्हणजे कुठून?” असे एकानेही विचारले नाही. विचारणारी मुले ठरलेली चार. बाकीची शेजाऱ्याच्या वहीत डोकावतात. वह्या उघडल्यावर हशा पिकला तो मात्र त्या मुलीवर, आणि आता वर्णन करायला कोणी उठत नाही. (हात मागे बांधून बोलण्याचा नियम मी आधीच करायला हवा होता.)

चुकीचे खापर एकट्या सांगणाऱ्यावर फुटू नये म्हणून चौघाचौघांचे गट करून गटाला एकच कागद द्यावा आणि प्रत्येकाने निदान एक प्रश्न विचारलाच पाहिजे असे ठरवावे, असा विचार आहे. परंतु सक्तीने विचारलेला प्रश्न “सर, पेन्सिलने काढू का?” याच जातीचा असतो. मोठ्या पटाच्या वर्गात ज्यांनी असा खेळ घेतला आहे, त्यांनी ही अडचण कशी सोडवली, ते कृपया सांगावे.

शिवाय, घर किंवा झाड अशी ओळखीची चित्रे द्यावीत का? मी ती मुद्दाम टाळली, कारण ‘घर’ हा शब्द कानी पडताच मुले ऐकणे थांबवून आपल्या मनातले उतरते छप्पर आणि मधोमध दार काढू लागतात. पण आयतांमुळे हा तास भूमितीचा वाटतो, अशी तक्रारही वर्गातूनच आली आहे.